चौघांचा सात-बारा

महालात एका बोळात छापखाना होता,
मी तिथे प्रत वाचायला होते.
मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविरामासकट.
महिना एकशेदहा,
आणि मे महिन्यात वाळ्याच्या पडद्याजवळची खुर्ची.

त्या उन्हाळ्यात खंबाटा सरांचं काम आलं.
इंग्रजीतले म्हातारे शब्द,
काही मेलेले, काही मरायला टेकलेले,
पण ज्यांच्या पोटात ओ यू जी एच आहे तेवढेच.
प्रती दोनशे. पैसे आगाऊ.
घाई नाही, सर म्हणाले,
यांना आता कुठे जायचंय.

जुळारी शालिक गजभिये, पाचपावलीचे, सातवी पास.
इंग्रजी शिकले ते शिशाच्या तोंडावरून,
आरशातलं, पाय वर केलेलं.
तिसऱ्या दिवशी त्यांनी चार-चार खिळे दोऱ्यानं बांधून
डब्याच्या झाकणात चाळीस जुड्या मांडल्या.
"काहून येगयेगळे उचलाचे पोरी?
चौघं तं संगंच राह्यतेत."

शनिवारी सर आले, उच्चार सांगायला.
मी वाचू लागले.
बाऊ, म्हणजे फांदी.
क्लफ, डोंगरातली घळ.
हॉक, गाईच्या मागच्या पायाचा सांधा.
चफ, लाल पायांचा एक कावळा.
स्लाऊ म्हटलं तर दलदल,
आणि तोच शब्द स्लफ म्हटला
तर सापानं टाकलेली कात.

शालिकराव स्टिक हातात धरून थांबले.
"हे चारी तेच न? माह्याच जुडीतले?"
हो.
"मंग आवाज काहून निराळा?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसला.
फार पूर्वी, म्हणाले, यांच्या घशात एक ख होता,
खोल, खाकरल्यासारखा.
तो हळूहळू गेला.
मग ज्याला जसं जमलं तसं तो बोलू लागला.

"म्हंजे बाप मेला," शालिकराव म्हणाले,
"अन् पोरायनं वाटण्या केल्या.
सात-बारा मात्र अजून सामाईक."
आणि परत खिळे लावू लागले.

खोकल्याला कफ म्हणतात हे कळलं तेव्हा
"हा तं आपल्याच गावचा," म्हणून ते इतके हसले
की तोच आला, आणि बराच वेळ गेला नाही.
झाकणावर शिशाची राख होती.
मी पाणी आणलं.

पुस्तिका निघाली. विकल्या गेल्या अकरा.
बाकी गठ्ठे कटिंग मशीनखाली, मशीन हलू नये म्हणून.
ऑफसेट आलं तसे खिळे इतवारीत वजनावर गेले,
दोरे न सोडताच.

माझ्याकडे एक प्रत आहे.
पान सतरावर एक जुडी उलटी लागली आहे,
ती मी वाचून पास केली होती.
आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

हे सगळं मराठीत लिहायला बसले
तर चौघं कुठेच दिसेनात.
बाऊ, क्लफ, हॉक:
कागदावर नुसत्या वाटण्या.

आता मेयोचं राहिलं.
वॉर्डात त्यांना उचकी लागली होती, सकाळपासून.
"कोन आठवन काढते, पाह्य बरं."
मी त्यांच्या बायकोचं नाव घेतलं,
भंडाऱ्याच्या बहिणीचं, पोराचं, सरांचंसुद्धा.
थांबेना.
नावं संपली तशी मी शब्द घ्यायला लागले.
चफ. उचकी.
क्लफ. उचकी.
लॉख, म्हटलं,
आणि घशात तो ख माझ्याकडून जरा जास्तच खोल गेला.

थांबली.

"हा कोन?"
तळं, मी म्हटलं.
"बाप जिता हाय वाट्टे त्या घरात,"
ते म्हणाले, आणि कूस बदलली.
बाहेर नर्स कुणाला तरी
मोठ्यानं, स्वल्पविरामाशिवाय
औषधं वाचून दाखवत होती.